सोळा आणि सतराच्या मधलं वर्तुळ

मोरू गवाणकरला दुपारच्या जेवणानंतर जी डुलकी लागे, तिच्यावर त्याचा स्वतःचाही ताबा नव्हता. कोलशेतच्या एका पंपांच्या कारखान्यात तो कॉम्प्युटर विभागात होता. विभाग म्हणजे तो, एक कॉम्प्युटर आणि कॉम्प्युटरला उकडू नये म्हणून बसवलेला एअरकंडिशनर. त्या गारव्यात दोनच्या सुमाराला मोरूचे डोळे मिटत आणि मिटलेल्या डोळ्यांपुढे वर्तुळं तरंगू लागत. एका वर्तुळातून बाण निघे, हळूच दुसऱ्यात शिरे, तिथून तिसऱ्यात. साहेब आत आले की मोरू डोळे न उघडताच म्हणे, "विचार करतोय." साहेबांना ते खोटं वाटे, पण ते अगदी खरं होतं.

ही वर्तुळं त्याला ठाण्याच्या एका संध्याकाळच्या वर्गात लागली होती. तिथले सर सांगत, गिऱ्हाइकाला काय हवंय ते आधी वहीत लिहा, मग त्याचं चित्र काढा आणि मगच प्रोग्रामला हात लावा. पुढे कधी प्रोग्राम वाढवायची वेळ आली तरी क्रम तोच. आधी वही, मग चित्र, मग प्रोग्राम. वर्गातली बाकीची मुलं यथावकाश अमेरिकेला गेली आणि हे सगळं विसरली. मोरू डोंबिवलीतच राहिला, त्यामुळे त्याच्या लक्षात राहिलं.

त्याच्या हातून आयुष्यात एकच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट चालली होती, ती म्हणजे कोलशेतच्या गावदेवीच्या पालखीचं वेळापत्रक. चैत्रात कोळीवाड्यातून देवीची पालखी निघते आणि दारोदार जाते. आता देवी एक आणि दारं बेचाळीस म्हटल्यावर आधी कुणाकडे आणि किती वेळ, यावरून दर वर्षी वाद होत. एका वर्षी तर पालखी एकाच गल्लीत दुपारपासून दिवेलागणीपर्यंत उभी राहिली, कारण समोरासमोरची दोन घरं हटून बसली होती. कारखान्यातला फिटर राघो त्याच गावचा. तो १९८९ साली मोरूला म्हणाला, "मोरूभाऊ, तुमच्या त्या पेटीला जरा इचारा ना. मानसाचं कोन आयकत नाय, मशीनचं आयकतील."

मोरू एका रविवारी दोनशे पानी वही घेऊन गावच्या धोंडीबांच्या पडवीत जाऊन बसला. धोंडीबा गावातले सगळ्यांत जाणते. ते सांगत गेले, मोरू लिहीत गेला. पालखी आल्या वाटेने मागे फिरत नाही. दिवेलागणीच्या आत देवी देवळात बसली पाहिजे. पहिला मान अमक्याचा, त्याच्यानंतर तमक्याचा. सोळा घरं लिहून झाली तेव्हा जेवणाची हाक आली. जवळ्याचं कालवण, तांदळाची भाकरी आणि वर सोलकढी. जेवून पुन्हा पडवीत बसले, खाडीवरून वारा यायला लागला, आणि धोंडीबा पुढचं सांगू लागले.

त्या वहीचं ते पान आजही पाहायला मिळतं. "१६ नंतर ५ मि. थांबणे, कारण" इतकं सुवाच्य अक्षरात आहे. त्यापुढे पेनाची रेघ आहे, ती तिरकी होत होत पानाच्या तळापर्यंत गेलेली आहे. त्याखाली सतरावं घर, पुन्हा सुवाच्य अक्षरात.

चित्र काढताना मोरूने सोळा आणि सतराच्या मध्ये एक छोटं वर्तुळ काढलं आणि त्यात "५ मि." एवढंच लिहिलं. त्याच्या चित्रात वर्तुळ म्हणजे घर, आणि या वर्तुळाला घर नव्हतं. पुन्हा जाऊन विचारायचं तर आपण झोपलो होतो हे कबूल करावं लागलं असतं. शिकलेल्या माणसाला ते जड जातं. वेळापत्रक छापून निघालं, पालखी मिनिटामिनिटाला बरोबर फिरली, आणि पाच वर्षं कुणी ब्र काढला नाही.

मोरूला जे पुढे कळलं ते वाचकांपासून लपवून ठेवण्यात मतलब नाही. ते वर्तुळ बायजाचं होतं. बायजाचं घर सोळाव्या आणि सतराव्या घरांच्या मध्ये होतं. रस्ता रुंद झाला त्यात ते गेलं आणि ती मोहने गावी लेकीकडे, मंजुळाकडे राहायला गेली. जावई तिथल्या रेयॉनच्या कारखान्यात होता. जाताना धोंडीबांनी तिला शब्द दिला होता की घर गेलं तरी मान गेला नाही, पालखी तुझ्या जागेवर थांबेल. म्हणून दर चैत्रात ही बाई तीन बस बदलून मोहन्याहून कोलशेतला येई, हातात नारळ आणि अबोलीची वेणी घेऊन आपल्या जागेवरच्या भेंडीच्या झाडाखाली उभी राही. तिचं गाव म्हणून आता जे काही उरलं होतं, ते ही पाच मिनिटं.

धोंडीबा त्र्याण्णव साली गेले. चौऱ्याण्णवच्या फाल्गुनात राघो मोरूच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मोरूभाऊ, फक्त अकरा नावं वाढवायची हायत."

'फक्त' या शब्दाची मोरूला मनापासून भीती वाटे. घरात बायको, मालू, म्हणे, फक्त एक खिळा ठोकायचाय, आणि त्या दिवशी भिंतीचा पोपडा, शेजाऱ्यांची झोप आणि मोरूचा अंगठा असे तिन्ही कामातून जात. इथे अकरा नावं म्हणजे अकरा इमारती होत्या. भेंडीच्या झाडामागे लांबच लांब भिंत घालून 'सागरदर्शन' नावाची वसाहत उभी राहिली होती. तिथून सागराचं दर्शन होत नसे. चौथ्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून टाचा उंचावल्या तर थोडी खाडी दिसे. त्या मंडळींनाही दारात पालखी हवी होती आणि गावाने मोठ्या मनाने हो म्हटलं होतं. फक्त राघोने जाताना एक गोष्ट सांगितली. गावातल्या काहींना हे पसंत नव्हतं. यंदा वेळ चुकली, तर पुढच्या वर्षी वेळापत्रक बंद, पेटी बंद आणि पुन्हा पहिल्यासारखी भांडणं.

सागरदर्शनचे सेक्रेटरी राजवाडकर यांनी आपल्या गरजा चार पानी टाइप करून दिल्या. पहिली गरज अशी की पालखी लिफ्टने प्रत्येक मजल्यावर यावी. मोरूने टेप घेऊन लिफ्ट मोजली, पालखी मोजली, आणि देवी लिफ्टमध्ये मावत नाही असा लेखी अहवाल दिला. राजवाडकरांनी त्यावर दांडे काढून आणता येईल का अशी विचारणा केली. पालखी तळमजल्यापर्यंतच येईल, हे ठरायला तीन बैठका आणि दोन बशा चिवडा लागला.

मोरूचं पालखीचं चित्र डोंबिवलीच्या घरात सोफ्याच्या मागे भिंतीवर लावलेलं होतं. पाहुणे विचारत, "ही तुमच्या घराण्याची वंशावळ का?" आणि मालू समजावून सांगण्याचा कंटाळा करून हो म्हणे. शेजारचा चंदू तेवढा त्याच्यापुढे उभा राहून रोज सल्ला देई. चंदू ठाण्याला एका कचेरीत होता आणि कामं कशी होतात हे त्याला कळत होतं. कशी करावीत यात त्याने लक्ष घातलं नव्हतं.

"अरे मोरू, चित्र काय पळून जातंय? आधी प्रोग्राम उरकून टाक. वही-बिही मागाहून. सगळे तसंच करतात."

"सर म्हणायचे की आधी वही..."

"सर आता कुठे आहेत?"

शीळफाट्यावरून जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून मोरू दोन दिवस विचार करत राहिला. बाहेर शेतं होती, मिठागराचे चौकोन चमकत होते, आणि त्या चौकोनांवरून त्याची त्रेपन्न वर्तुळं आणि एक बिननावाचं वर्तुळ तरंगत चालली होती, फार सुरेख. तिसऱ्या दिवशी त्याने आयुष्यात प्रथमच क्रम मोडला. आधी प्रोग्राम वाढवला आणि वेळापत्रक छापून टाकलं.

ते घेऊन राघो आणि मोरू परवानगीला चौकीवर गेले. तिथे अर्जासोबत मार्गाचा नकाशा लागत असे. मोरूने भिंतीवरचं चित्र गुंडाळी करून नेलं होतं. हवालदारांनी चष्मा लावला, एका बोटाने वेळापत्रकातली घरं मोजली, दुसऱ्या बोटाने चित्रातली वर्तुळं मोजली.

"इथे त्रेपन्न घरं आहेत आणि एक नुसताच थांबा. इथे बेचाळीस आणि एक. यातलं खरं कुठलं?"

मोरूने दोन्ही कागदांकडे पाहिलं. सरांनी वर्गात हाच प्रश्न विचारला होता.

"खरं एकच असणार ना, साहेब? तेवढं घेऊन या. तीन प्रतीत," हवालदार म्हणाले. "आणि सातच्या आत आटपा. तुमच्या कागदात सात वाजून पाच मिनिटं झालीयत."

अशा रीतीने सगळं गणित पाच मिनिटांवर येऊन अडलं. एखाद्या घराची पाच मिनिटं कमी करायची तर बेचाळीसही घरं लाठ्या घेऊन डोंबिवलीला आली असती. मोरूने नवीन चित्राचा कागद जमिनीवर पसरला, वर्तुळं काढत सोळापर्यंत आला, पुढचं छोटं वर्तुळ काढलं आणि थांबला. चंदूने खाली वाकून त्या छोट्या वर्तुळावर बोट ठेवलं.

"हे कुणाचं?"

"माहीत नाही."

"मग काढून टाक की. जिथे घरच नाही तिथे देवी कशाला थांबेल?"

मोरू भला माणूस होता. त्याने तसंच खोडलं नाही. तो दुसऱ्या दिवशी त्या जागी जाऊन उभा राहिला. भेंडीचं झाड, भिंत, फुटपाथ. त्याने राघोला विचारलं. राघो पालखीच्या पुढे बेंजोवाल्यांबरोबर नाचत असे, मागे काय होतं ते त्याला दिसत नसे. "तिथं काय नाय," तो म्हणाला. "भोई खांदा बदलतात." मोरूने भोयांना विचारलं. ते म्हणाले, वेळापत्रकात थांबा लिहिलाय म्हणून थांबतो, थांबलोच आहोत तर खांदा बदलतो. मोरूने कमिटीला विचारलं, देवळाच्या पुजाऱ्याला विचारलं, सोळाव्या घरच्या काळुरामला विचारलं. एकूण चौदा माणसांना त्याने विचारलं आणि चौदाही पुरुष होते.

खोडरबराने ते वर्तुळ खोडायला त्याला एक क्षण लागला. वेळापत्रक बरोबर सातला संपलं, चित्र आणि छापील कागद जुळले, चौकीतून शिक्का मिळाला. वहीचं तेवढं राहिलं.

पालखीच्या दिवशी मोरू छापील कागदाची भेंडोळी गळ्यात उपरण्यासारखी टाकून, मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरून पालखीच्या पुढे चालत होता. गाव त्याच्याकडे आदराने पाहत होतं. एक ते सोळा घरं एका मिनिटाच्याही फरकाशिवाय झाली. काळुरामच्या दारातून पालखी उचलली, भेंडीच्या झाडापाशी भोयांचे पाय सवयीने मंदावले. मोरूने हात हलवला, "चला, चला, थांबा नाही." पालखी पुढे गेली.

ती शंभरेक पावलं गेली असेल तेव्हा मागून राघोची बायको शेवंती लुगड्याचा काष्टा सावरत धावत आली आणि मोरूच्या पुढे उभी राहिली.

"बायजा रायली."

"कोण बायजा?"

"बायजा. जिचं घर हुतं तिथं. मोहन्याशी येते दर वरसाला. तिच्यासाठी तर थांबते पालखी."

"अहो, हे मला कुणी सांगितलं नाही."

"मना कोनी इचारलं?" शेवंती म्हणाली.

मोरूने मागे पाहिलं. गर्दी पुढे सरकल्यामुळे भिंतीशी आता एकच बाई उरली होती. तिच्या हातातल्या ताटात नारळ होता. ती चिडलेली नव्हती, रडतही नव्हती, नुसती पालखीच्या पाठीकडे बघत होती, जणू तिला हे कधीतरी होणार हे ठाऊक होतं. आपण एक वर्तुळ खोडलं असं मोरूला वाटत होतं आणि खोडलं होतं ते घर, रस्तावाल्यांनी एकदा पाडलेलं, आपण दुसऱ्यांदा.

"राघो, पालखी मागे घ्या."

"पालखी मागं फिरत नाय, मोरूभाऊ. तुमीच लिवलंय."

लिहिलं होतं खरं, पहिल्याच पानावर. मोरू तिथेच रस्त्यात खाली बसला, काखेतलं चित्र पसरलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याने भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी बाणांकडे पाहिलं. मागे फिरायचं नाही. पण पुढे जाऊन, वळसा घेऊन, दुसऱ्या वाटेने आलं तर? सागरदर्शनच्या पुढच्या फाटकातून आत, मागच्या फाटकातून खाडीच्या वाटेवर, तिथून काळुरामच्या घरावरून पुन्हा झाडापाशी. त्याच्या बोटाखाली एक सुंदर गोल पुरा झाला.

सागरदर्शनला पालखी संध्याकाळी सहाला यायची होती. ती दुपारी पावणेदोनला बेंजोसकट आत शिरली. राजवाडकर अर्ध्या दाढीला साबण लावलेल्या अवस्थेत गॅलरीत आले आणि ओरडले की हे चार पानांत नव्हतं. बायका ओल्या केसांनी, पुरुष पंच्यांवर, जो जसा होता तसा खाली धावला. कुणाच्या ताटात आरतीऐवजी जेवणाचा वरणभात होता, तोही ओवाळला गेला. मागच्या फाटकाला कुलूप होतं आणि वॉचमन म्हणाला की सेक्रेटरीच्या चिठ्ठीशिवाय उघडता येत नाही. मोरू जिन्याने चार मजले चढला. राजवाडकरांनी साबणाच्या बोटांनी चिठ्ठी लिहिली, ती ओली झाल्यामुळे वॉचमनला वाचता येईना, म्हणून ते स्वतःच पंचा सावरत खाली आले आणि त्यांनी कुलूप काढलं. काळुरामच्या दारावरून पालखी दुसऱ्यांदा गेली तेव्हा त्याने गुलाल उधळून जाहीर केलं की यंदा देवीला आपलंच घर आवडलं. पंधराव्या घराने दार लावून घेतलं.

आणि पालखी भेंडीखाली येऊन थांबली.

बायजाने नारळ ठेवला, वेणी देवीला घातली, डोकं टेकवलं. पाच मिनिटं पुरी झाली. मोरूने घड्याळ पाहिलं नाही. मग त्याने कागदांची भेंडोळी राघोच्या गळ्यात घातली आणि म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा." पालखी गेली, बेंजो लांब गेला, आणि बायजा झाडाखाली फुटपाथवर बसून पिशवीतून डबा काढू लागली. वर्षातून एक जेवण ती इथे बसून जेवत असे.

"मावशी, माझं चुकलं," मोरू म्हणाला. "मला वाटलं इथे कुणाचं घर नाही."

"बरोबरच हाय. नायच." तिने डब्याचं झाकण काढलं. "बस, बाला. जेवलास का?"

मोरू बसला. बायजाने मान हलवली.

"तिथं नको. चुलीवर बसलास तू."

मोरू घाईघाईने उठला आणि दोन हात सरकून बसला.

"हां. हितं आमी जेवाया बसायचो. तुज्या पाठीमागं पान्याची मडकी. तो दिव्याचा खांब हाय ना, तिथं माजा धनी जाली शिवत बसायचा. दार इकरं, देवी इकरशी यायची."

ती सांगत गेली. जवळ्याचं कालवण होतं, तांदळाची भाकरी होती, खाडीवरून तोच वारा येत होता. मोरूच्या पापण्या जड झाल्या. त्याने स्वतःला चिमटा काढला, एकदा, दोनदा, आणि सगळं शेवटपर्यंत ऐकलं. फुटपाथ विरत गेला. कुडाच्या भिंती उभ्या राहिल्या, मडक्यांवर उजेड पडला, खांबापाशी कुणीतरी मान खाली घालून जाळं शिवत होतं. एक ट्रक त्या घरातून आरपार निघून गेला, तरी काही हललं नाही.

"तुमचं नाव नीट सांगा, मावशी. लिहून घेतो. आता पुन्हा चुकणार नाही."

"बायजा लिव. पन लिवून काय, घर थोरंच येनार हाय?"

मोरूने तरीही नाव लिहिलं. त्याने दुसरी भाकरी घेतली.

पालखी त्या दिवशी सहा चाळीसला देवळात पोचली. सागरदर्शनच्या अकराही इमारती दुपारीच वाटेत उरकल्या गेल्यामुळे संध्याकाळचा सगळा वेळ वाचला होता. गावाने मोरूच्या पेटीचा जयजयकार केला, हवालदारांनी नमस्कार केला, आणि चंदू डोंबिवलीत सांगत फिरला की ही युक्ती मूळची त्याची. राजवाडकरांनी मात्र चार पानी निषेध पाठवला.

पुढच्या रविवारी मोरू जेवला आणि झोपला नाही. मालूला काळजी वाटली. त्याने कपाटातून दोनशे पानी वही काढली, ते पान उघडलं, घसरलेल्या रेघेच्या वरच्या टोकाला पेन टेकवलं आणि पाच वर्षांपूर्वी अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. मग सोफा ओढून तो भिंतीवरच्या नव्या चित्रासमोर उभा राहिला आणि सोळा आणि सतराच्या मध्ये, जिथे खोडल्याचा काळा डाग होता, तिथे बाकीच्यांइतकंच मोठं वर्तुळ काढलं आणि त्यात नाव लिहिलं.

मालूने वहीत डोकावून पाहिलं. "'कारण इथे बायजाचं घर आहे.' अहो, पण ते तर रस्त्यात गेलं म्हणालात ना?"

"गेलं."

"मग कुठे आहे?"

मोरूने वर्तुळात जाणारा बाण काढला, वर्तुळातून निघणारा बाण काढला, आणि दोन पावलं मागे होऊन पाहिलं.

"चित्रात आहे," तो म्हणाला.